विद्यापीठ आणि सामाजिक उद्योग: भागीदारी कागदावरून गल्लीत कशी आणायची

बहुतेक महाविद्यालयांच्या नॅकच्या (म्हणजे महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेसाठीच्या) फायलीत सामंजस्य करारांचा जाडजूड गठ्ठा असतो. त्यांतल्या किती करारांमुळे एखाद्या बाईच्या हातात महिन्याला चार पैसे जास्त आले, किंवा कुणाचा मोतीबिंदू वेळेवर लक्षात आला, असं विचारलं की समन्वयक चहा मागवतात. समाजकार्य, परिचर्या, फार्मसी, वाणिज्य किंवा अभियांत्रिकी शिकवणाऱ्या एखाद्या विभागाला गरिबी आणि आरोग्यातली विषमता या दोन्हींवर खरोखर काही करायचं असेल आणि त्यासाठी एखाद्या सामाजिक उद्योगाला सोबत घ्यायचं असेल, तर कामाचा क्रम कसा लावावा, तेवढंच इथे सांगतो.

सामाजिक उद्योग देणगीवर चालत नाही आणि मालकांत नफाही वाटत नाही. वस्तू किंवा सेवा विकून तो स्वतःचा खर्च काढतो आणि उरलेला पैसा पुन्हा त्याच कामात घालतो. बांगलादेशातले अर्थतज्ज्ञ मुहम्मद युनूस यांची व्याख्या याहून कडक आहे: गुंतवणूकदाराला त्याची मुद्दल परत मिळेल, लाभांश एक पैसाही नाही.

या युनूसांची सुरुवात विद्यापीठातूनच झाली. ते चित्तगाव विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवायचे. १९७६ साली विद्यापीठाला लागूनच असलेल्या जोब्रा गावात त्यांनी ४२ जणांना मिळून अवघे २७ डॉलर होतील एवढी रक्कम स्वतःच्या खिशातून उसनी दिली. पण पुढचा भाग आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. ते काम वाढलं ते विद्यापीठाच्या कुंपणाबाहेर गेल्यावर. १९७९मध्ये टांगाइल जिल्ह्यात बांगलादेश बँकेच्या पाठिंब्याने त्याचा विस्तार झाला आणि १९८३मध्ये गरिबांना छोटी कर्जं देणारी ग्रामीण बँक स्वतंत्र कायद्याने उभी राहिली. प्राध्यापकाने मोकळ्या वेळात चालवलेला प्रकल्प म्हणून ते काम राहिलं असतं, तर जोब्राच्या पुढे गेलं नसतं.

म्हणून पुढे सगळीकडे एकच आग्रह दिसेल. विद्यार्थ्यांच्या फुकट मेहनतीवर उद्योग उभा करू नका. विद्यापीठाने प्रशिक्षण द्यावं, मोजमाप करावं, आपली पत वापरू द्यावी. रोजचं काम मात्र परीक्षा लागल्या तरी चालू राहिलं पाहिजे.

पायरी १: एकच तूट धरा, तीही दोन्हीकडे लागू पडणारी

‘महिला सक्षमीकरण’ किंवा ‘ग्रामीण आरोग्य’ असा विषय घेतलात तर पहिल्याच बैठकीत सगळे माना डोलावतील आणि काम तिथेच थांबेल. अशी तूट शोधा, जी भरली तर तब्येतही सुधारते आणि मिळकतही.

माझ्या ओळखीचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण चाळिशीच्या चष्म्याचं आहे. वयाच्या चाळिशीच्या आसपास जवळचं दिसणं कमी होतं. ते औषधाने कायमचं बरं होत नाही, पण साधा तयार चष्मा पुरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या दृष्टिविषयक अहवालानुसार जगात ८२ कोटींहून जास्त लोक केवळ असा चष्मा नसल्याने जवळचं नीट पाहू शकत नाहीत. आसाममधल्या चहाच्या मळ्यांत चाळिशीच्या पुढच्या ७५१ कामगारांवर एक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातले संशोधक आणि व्हिजनस्प्रिंग हा चष्म्यांचा सामाजिक उद्योग त्यात एकत्र होते. चष्मा मिळालेल्यांची पानं खुडण्याची उत्पादकता चष्मा न मिळालेल्यांपेक्षा २१.७ टक्क्यांनी जास्त भरली. चहाच्या मळ्यात जास्त वजनाला जास्त पैसे मिळतात, त्यामुळे त्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. पुढे बांगलादेशात ब्रॅक ही तिथली मोठी स्वयंसेवी संस्था आणि व्हिजनस्प्रिंग यांच्या सोबतीने ३५ ते ६५ वयाच्या लोकांमध्ये अशीच चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२४मध्ये आले. तिथे आठ महिन्यांत चष्मा मिळालेल्या गटाची मिळकत ३३.४ टक्क्यांनी पुढे गेली.

हे उदाहरण मी पुढे सोलापूरला लावून दाखवणार आहे. सोलापुरात शाळेचे गणवेश शिवण्याचा मोठा धंदा आहे, आणि काज-बटण, तुरपाई, धागे कापणं असली कामं बायका नगावर करतात. नगावर काम म्हणजे डोळे मंदावले की मजुरी घटते. तुमच्याकडे तूट वेगळी असेल, पण कसोटी तीच लावा: ती भरल्याचा परिणाम सहा-आठ महिन्यांत दिसतो का, आणि तो त्या माणसाच्या हिशेबाच्या वहीत उमटतो का? दोन्हींची उत्तरं ‘नाही’ आली, तर विषय बदला.

पायरी २: भागीदाराला त्याचा ताळेबंद मागा

भारतीय कंपनी कायद्यात ‘सामाजिक उद्योग’ असा वेगळा साचा नाही. कुणी कंपनी कायद्याच्या कलम ८ खाली (ना-नफा कंपनी म्हणून) नोंदलेला असतो, कुणी सहकारी संस्था, कुणी शेतकरी उत्पादक कंपनी, कुणी न्यासाच्या नावाने विक्री करणारा, तर कुणी चक्क साधी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असून वेबसाइटवर सामाजिक म्हणवणारा. नावावर जाऊ नका. गेल्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद, सोबत नफा-तोटा पत्रकं, मागा आणि दोनच गोष्टी पाहा: एकूण उत्पन्नातला किती हिस्सा विक्रीतून आला, किती देणग्यांतून, आणि शिल्लक राहिली तेव्हा ती गेली कुठे. ताळेबंद द्यायला जो महिनाभर टाळाटाळ करतो, तो विक्रीचे आकडे कधीच देणार नाही.

बचत गटांचा प्रभाग संघ, म्हणजे आसपासच्या गावांतल्या गटांनी मिळून केलेला संघ, हाही उत्तम भागीदार ठरू शकतो, बऱ्याचदा शहरातल्या चकचकीत स्टार्टअपपेक्षा चांगला. ‘उमेद’ या राज्य सरकारच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातून उभे राहिलेले कित्येक संघ स्वतःची खरेदी-विक्री सांभाळतात, त्यांच्याकडे गल्लीतल्या ओळखी असतात आणि हप्ते वसूल करण्याची सवय असते. त्यांना इंग्रजी सादरीकरण जमत नाही एवढ्यावरून नाकारू नका.

विद्यापीठाने नेमकं काय आणायचं, याचा चांगला दाखला ढाक्यात आहे. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात आरोग्यातली विषमता किती टोकाची आहे, ते २००८मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने दाखवून दिलं होतं: कॅल्टन भागातल्या मुलाचं अपेक्षित आयुर्मान ५४ वर्षं, तर काही किलोमीटरवरच्या लेन्झीतल्या मुलाचं ८२. त्याच शहरातल्या ग्लासगो कॅलेडोनियन विद्यापीठाने युनूसांच्या ‘ग्रामीण’ समूहासोबत २०१०मध्ये ढाक्यात परिचर्या महाविद्यालय सुरू केलं. बांगलादेशात डॉक्टरांपेक्षा नर्स कमी, हे तिथलं जुनं दुखणं. विद्यापीठाने अभ्यासक्रम, शिकवण्याचा दर्जा आणि पहिल्या प्राचार्या दिल्या. ‘ग्रामीण’ने आपल्या कर्जदार बायकांच्या मुली आणि त्यांच्यासाठी शिक्षणकर्ज दिलं. मुलगी शिकून नोकरीला लागते, कर्ज फेडते आणि देशाला नर्स मिळते. यात ग्लासगोचे विद्यार्थी फुकट राबून कुठलं दुकान चालवत नाहीत, हे लक्षात घ्या.

पायरी ३: हिशेब आधी, भाषणं नंतर

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पुढचे आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत; तुमच्या गावचे भाव घालून गणित पुन्हा मांडा.

एक तयार चष्मा घरासकट ६५ रुपयांना पडतो आणि तुम्ही तो १५० रुपयांना विकता. विकणाऱ्या ताईला ३० रुपये. रिक्षा, तुटफूट, नजर तपासायच्या पट्टीवरचे अंक पुसले म्हणून नवीन पट्टी, यासाठी १५ रुपये. उरले ४० रुपये. आता दर महिन्याचा ठरलेला खर्च: तपासणी जाणणारा एक तंत्रज्ञ-समन्वयक १६,००० रुपये, खोली आणि फोन २,००० रुपये, मिळून १८,०००. या १८,००० ला ४० ने भागा. महिन्याला ४५० चष्मे विकले गेले तर कुठे खर्च निघेल.

आता बाजार किती आहे ते पाहा. ओळखीच्या वस्त्यांत चाळिशीपुढच्या ४,००० बायका शिवणकामात आहेत असं धरू. निम्म्या जणींनी चष्मा घेतला तरी झाले २,०००. म्हणजे साडेचार महिन्यांत बाजार संपला, आणि चष्मा बदलायला येणारं गिऱ्हाईक एक-दोन वर्षांनी उगवणार.

नेमक्या याच ठिकाणी महाविद्यालयं पळवाट काढतात. समन्वयकाच्या जागी एनएसएसची (राष्ट्रीय सेवा योजनेची) मुलं उभी करतात. ठरलेला खर्च कागदावर शून्य होतो, पहिल्या चष्म्यापासून ‘नफा’ दिसू लागतो, वार्षिक अहवालात फोटो येतो. मग एप्रिल उजाडतो, मुलं परीक्षेला बसतात, आणि ज्या बाईच्या चष्म्याची काडी निखळली ती कुलूप पाहून परत जाते. तोटा होताच, मुलांच्या फुकट कामाने तो फक्त झाकला होता.

प्रामाणिक वाटा तीन-चार आहेत. क्षेत्र वाढवायचं: एका तंत्रज्ञाने आठवड्यातून एक दिवस अक्कलकोट, एक दिवस बार्शी धरायची. गिऱ्हाईक वाढवायचं: शिवणकामाच्या पलीकडे तांदूळ निवडणाऱ्या, विड्या वळणाऱ्या, दुकानात पावत्या लिहिणाऱ्या. कारखानदाराला अर्धी किंमत उचलायला सांगायची. त्याचा माल कमी बाद होणार असेल तर त्याने का देऊ नये? आणि चौथी वाट खास विद्यापीठाची: तंत्रज्ञ आपला निम्मा वेळ विद्यार्थ्यांना तपासणी शिकवण्यात घालवत असेल, तर तेवढे ८,००० रुपये शिक्षणाचा खर्च म्हणून विभागाने द्यावेत. मग ठरलेला खर्च १०,००० वर येतो आणि महिन्याला २५० चष्मे पुरतात. ही मदत उघड आहे, तासांवर मोजता येते, आणि अभ्यासक्रम बंद झाला तर ती थांबणार हे उद्योगाला पहिल्या दिवसापासून माहीत असतं.

किंमत ठरवताना ग्रामीण-दानोनचा, म्हणजे ‘ग्रामीण’ आणि दानोन या फ्रेंच दुग्धपदार्थ कंपनीच्या भागीदारीचा, धडा डोळ्यांसमोर ठेवा. बांगलादेशात बोगुरा इथे मुलांसाठी ‘शोक्ती दोई’ हे पोषक दही बनवायला त्यांनी सुरुवात केली, कप ५ टक्यांना (टका हे तिथलं चलन). २००८मध्ये दूध महागलं, कप ८ टक्यांवर नेला, आणि खेड्यातली विक्री कोसळली. शेवटी कप लहान करून ६ टक्यांवर यावं लागलं. गरीब गिऱ्हाईक भाववाढीची कुरकूर करत बसत नाही, ते यायचंच बंद होतं. त्यामुळे किंमत ठरवण्याआधी निदान वीसेक जणींना विचारा, तेही ‘किती द्याल?’ असं नाही. ‘गेल्या महिन्यात स्वतःसाठी शंभर रुपयांच्या वर कशावर खर्च केले?’ असं विचारा. उत्तर ऐकून बऱ्याच योजना बदलतात. रोख १५० जमत नसतील तर बचत गटाच्या बैठकीत ५० चे तीन हप्ते ठेवा.

पायरी ४: तीन कॅलेंडरं शेजारी शेजारी टांगा

विद्यापीठाचं वर्ष सत्रांचं, उद्योगाचं वर्ष मार्चअखेरचं, आणि बायकांचं वर्ष कामाच्या हंगामाचं. शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, म्हणजे गणवेशाची घाई फेब्रुवारीपासून जूनपर्यंत. नेमक्या याच काळात एप्रिल-मेमध्ये विद्यापीठाच्या परीक्षा आणि त्यानंतर सुट्टी. जुलै-ऑगस्टमध्ये विद्यार्थी ताजेतवाने, उत्साहाने सळसळणारे. आणि बायकांच्या हाताला काम नाही, म्हणून हातात पैसाही नाही.

त्यामुळे जुलै ते सप्टेंबर विद्यार्थ्यांचं प्रशिक्षण आणि वस्तीची यादी, ऑक्टोबर ते डिसेंबर परवानग्या आणि पहिली मोजणी, जानेवारी-फेब्रुवारीत तपासणी आणि विक्री, मार्च ते जून उद्योगाच्या माणसांनी दुरुस्ती, बदल आणि हप्ते सांभाळायचे. विद्यार्थी त्या काळात दिसले नाहीत तरी काही अडता कामा नये. बीड-धाराशिवकडे (पूर्वीचं उस्मानाबाद) काम करत असाल तर ऊसतोडीचं स्थलांतर या कॅलेंडरात आधी मांडा. दिवाळीनंतर गावंच्या गावं कारखान्यांकडे जातात आणि उन्हाळ्यात परततात. जानेवारीत गावात शिबिर घेतलंत तर म्हातारी माणसं आणि पोरं भेटतील.

पदवी अभ्यासक्रमांच्या नव्या श्रेयांक (क्रेडिट) आराखड्यात क्षेत्र प्रकल्प, समाजसहभाग आणि ऑन जॉब ट्रेनिंग यांना श्रेयांक आहेत. विद्यार्थ्यांचं काम या चौकटीत बसवा. तास ठरलेले असले की मुलं येतात, प्राध्यापकांना कार्यभारात ते दाखवता येतं, आणि एका मुलाकडून किती कामाची अपेक्षा धरायची तेही ठरतं.

पायरी ५: तपासणीचं टेबल

हे काम अवघड नाही, पण ढिसाळ झालं तर बाई चष्मा डब्यात ठेवून देते. शिकाऊ मुलांनी नेत्रतंत्रज्ञासमोर सराव केल्याशिवाय वस्तीत जाऊ नये.

आधी विचारपूस: वय, मधुमेह, डोळा लाल होणं, दुखणं, अचानक कमी दिसणं. यांतलं काही असेल तर चष्मा नाही, सरळ रुग्णालयाची चिठ्ठी. मग दूरची पट्टी, एकेक डोळा झाकून. दूरचं अंधुक असेल तरी चिठ्ठीच, कारण तयार चष्म्यात दोन्ही काचांचा नंबर एकच असतो आणि तो फक्त जवळच्या कामाचा असतो. शेवटी जवळची पट्टी, ४० सेंटिमीटरवर. वाचता न येणाऱ्यांसाठी इंग्रजी ‘ई’च्या चार दिशांची पट्टी ठेवा. सोलापुरात मराठीसोबत तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारीही घरं आहेत. अक्षरांच्या पट्टीने अर्ध्या बायका उगाच संकोचतात.

पट्टीवर नंबर सापडला की थांबू नका. टेबलावर सुई, पांढरा दोरा आणि गणवेशाच्या कापडाचा तुकडा ठेवा. “मावशी, घरी जसं धरता तसंच धरा,” असं म्हणा आणि पाहा. पट्टीपुढे मान ताठ ठेवून बसलेली बाई कापड हातात आलं की वाकते, आणि ४० सेंटिमीटरचे २५ होतात. “सुई दिसते गं पोरी, नेढं दिसत नाही,” हे वाक्य मग ऐकू येतं. नंबर त्या अंतराला जुळवायचा. ज्या कमीत कमी नंबरात दोरा आरामात ओवला जातो तो द्यायचा. चष्मा लावून उठून चालू नका, दाराबाहेर पाहताना काढा, हेही सांगा, नाही तर पहिल्याच दिवशी पायरीवर ठेच लागते आणि चष्म्याला नावं ठेवली जातात.

रुग्णालयाची चिठ्ठी देणं सोपं असतं. ती बाई तिथे पोचली का, हे पाहणं कठीण. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या नेत्रविभागाशी किंवा जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयाशी आधी बोलून ठेवा, वार ठरवून घ्या, आणि आशाताईंना सोबत घ्या. विद्यार्थ्यांनी पंधरा दिवसांनी फोन करून विचारायचं. हे फोन विषमता मोजण्याचं खरं साधन आहेत, कारण चिठ्ठी मिळूनही रुग्णालयात न पोचणाऱ्यांमध्ये बहुधा सर्वांत गरीब घरंच सापडतात.

पायरी ६: मोजमाप आणि नैतिक समिती

फक्त सेवा द्यायची असेल तर वेगळं, पण निष्कर्ष छापायचे असतील तर माहिती गोळा करण्याआधी नोंदणीकृत नैतिक समितीची मंजुरी हवीच. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं सामाजिक शास्त्रांच्या आरोग्यविषयक संशोधनालाही लागू पडतात. आपल्या महाविद्यालयात अशी समिती नसेल तर जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाला विनंती करा. समितीच्या बैठका काही रोज होत नाहीत, म्हणून अर्ज ऑगस्टमध्येच जायला हवा. संमतिपत्र मराठी, तेलुगू, कन्नडमध्ये असावं आणि वाचून दाखवावं. त्यात एक ओळ ठळक हवी: उत्तरं दिली नाहीत तरी चष्मा त्याच किमतीत मिळेल.

मोजायचं काय? मिळकत थेट विचारली तर कुणी खरं सांगत नाही, आणि का सांगावं? कारखान्याच्या वहीत रोज किती नग घेतले आणि किती परत केले हे लिहिलेलं असतं. बाईच्या परवानगीने ती पानं पाहा. पण जानेवारीत मोजलं आणि मेमध्ये पुन्हा मोजलं, तर हंगामामुळेच नग वाढलेले दिसतील आणि श्रेय चष्म्याला जाईल. त्यासाठी तुलनेचा गट लागतो. आसाम आणि बांगलादेशातल्या चाचण्यांत तुलनेच्या गटाला चष्मे शेवटी दिले गेले. तुम्हीही तेच करा: अर्ध्या वस्त्यांत फेब्रुवारीत, अर्ध्यांत मेअखेर, आणि कोणती वस्ती आधी हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. नगरसेवकांना ते पटवणं हे वेगळं काम आहे, त्यासाठी चिठ्ठ्या त्यांच्याच समोर काढाव्यात.

मराठी मुलखात अशा मोजणीचा आदर्श शोधायला लांब जावं लागत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत आरोग्यदूतांमार्फत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली आणि शेजारच्या ४७ गावांशी तुलना केली. १९९९मध्ये ते निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले, आणि पुढे तीच पद्धत आशांमार्फत देशभरच्या सरकारी कार्यक्रमात गेली. तुलनेची गावं नसती तर तो एका चांगल्या संस्थेचा चांगला अनुभव म्हणून राहिला असता.

पायरी ७: करारात लिहायच्या गोष्टी

करार आता करायचा, हिशेब आणि कॅलेंडर ठरल्यावर. चार पानं पुरतात. कुलगुरूंच्या सहीपर्यंत जायला परिषदांचा वेळ लागतो, म्हणून मसुदा आधी विधी अधिकाऱ्यांना दाखवा.

सगळ्यात महत्त्वाचं कलम निष्कर्षांचं: परिणाम शून्य आला तरी विद्यापीठ तो प्रसिद्ध करील. उद्योगाला वाचून टिप्पणी करायला ३० दिवस, नकाराधिकार नाही. जो भागीदार यावर अडून बसतो, त्याला विद्यापीठाचं फक्त बोधचिन्ह हवं आहे असं समजा. बोधचिन्हाबद्दलही लिहा: जाहिरातीत कुठे वापरायचं, कुठे नाही. चष्म्याच्या डब्यावर विद्यापीठाचं नाव छापलं की बाई तो सरकारी म्हणून फुकट मागते, हा भाग वेगळाच.

बाकी कलमं: रुग्णांची माहिती कुणाकडे, किती काळ, किंमत बदलण्याआधी कुणाला विचारायचं, विद्यार्थ्यांचा विमा आणि मुलींच्या प्रवासाची सोय, प्राध्यापकाचे किंवा त्याच्या नातेवाइकाचे उद्योगात समभाग असतील तर ते जाहीर करणं, तक्रार कुणाकडे. विभागप्रमुख बदलले तर पुढचा माणूस कोण, हेही पदानुसार लिहून ठेवा. कराराला व्यक्तीचं नाव चिकटलं की ती व्यक्ती निवृत्त होताच करारही निवृत्त होतो.

पायरी ८: पैसा कुठून, कुठल्या खात्यात

खेळतं भांडवल विद्यापीठाच्या खात्यातून फिरवू नका. तीन कोटेशन, खरेदी समिती, वित्त अधिकाऱ्यांची सही, मार्चअखेरचं उपयोगिता प्रमाणपत्र. हे नियम सार्वजनिक पैशासाठी योग्यच आहेत, पण २०० चष्मे बुधवारी संपले आणि शुक्रवारी शिबिर आहे अशा वेळी धंदा त्यात गुदमरतो. विद्यापीठाने प्रशिक्षण, मोजमाप आणि विद्यार्थ्यांचा प्रवास यांचा खर्च स्वतःच्या खात्यातून करावा. खरेदी-विक्री पूर्णपणे उद्योगाच्या खात्यात.

कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी हवा असेल तर कोणत्या संस्थेला तो घेता येतो ते आधी तपासा. कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली मोठ्या कंपन्यांनी गेल्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के खर्च करायचे असतात. पण काम राबवणारी संस्था कलम ८ कंपनी, नोंदणीकृत न्यास किंवा सोसायटी अशा ठरलेल्या प्रकारांतलीच लागते, आणि सीएसआर-१ अर्जाने तिची नोंदणी झालेली लागते. साध्या प्रायव्हेट लिमिटेडला हा पैसा घेता येत नाही. असा निधी मिळालाच तर तो पहिल्या खेपेच्या मालासाठी, पट्ट्यांसाठी, प्रशिक्षणासाठी वापरा. चष्म्याची किंमत खाली आणायला वापरलात तर निधी संपताच किंमत चढेल, आणि शोक्ती दोईची गोष्ट तुमच्या गल्लीत घडेल.

पायरी ९: बंद करायची वेळ आली तर

वर्षभरानंतर महिन्याची विक्री २५० च्या आसपासही येत नसेल, तर आणखी एक वर्ष ढकलण्याआधी थांबून पाहा. कधी कधी कारण किरकोळ असतं: तपासणीचं टेबल दुपारी लागतं आणि बायका त्याच वेळी पाण्याला जातात. वेळ बदलून दोन महिने पाहा. तरीही जमलं नाही तर बंद करा, पण रीतसर.

आधी गल्लीत सांगा, मग अहवालात लिहा. उरलेला माल प्रभाग संघाला खरेदीच्या भावात द्या, म्हणजे कुणी तरी विकत राहील. राहिलेले हप्ते माफ करायचे की वसूल करायचे, हे गटाच्या बैठकीत ठरवा, कारण पैसे वेळेवर भरलेल्या बायकांना माफी खटकते. रुग्णालयाची चिठ्ठी दिलेली पण अजून न पोचलेली नावं आशाताईंकडे लेखी सोपवा. आणि वस्तीतल्या किंवा जवळच्या बाजारपेठेतल्या एका चष्मेवाल्याला गाठून काड्या, स्क्रू आणि बदलीच्या नंबरांचा ठरावीक दर ठरवून घ्या. त्याचं दुकान कुठे आहे ते प्रत्येक चष्म्याच्या घरात चिठ्ठीवर लिहून ठेवायचं. ती चिठ्ठी पहिल्या विक्रीपासूनच घातलेली असेल तर उत्तम.